आईंच्या देखरेखीखाली बायोस

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचं पार्सल आणि आतलं पत्र, दोन्ही धड पोचली. वहिनींची पाठ आता बरी असेल आणि तुम्ही त्यांना जड काही उचलू देत नसाल, अशी आशा आहे. इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम. तुमच्या बहिणीचा आवाज तर इतका उत्तम आहे की शनिवारी तो खालच्या मजल्यावरही ऐकू गेला. त्याचं कारण पुढे येईल. आईंचा पाय सुधारतो आहे. एक तारखेला त्यांना तुमच्याकडे न्यायला येणार असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला फार बरं वाटलं. का बरं वाटलं ते कळावं म्हणून हे लांबण. फोनवरच सांगितलं असतं. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं आईंना ऐकू येतं. (न बोललेलंही येत असावं, असा मला संशय आहे.)

तुम्ही बहिणीसाठी नवा प्रोसेसर पाठवलात आणि तो बसवण्याआधी मदरबोर्डची बायोस अपडेट करा, नाहीतर जुना बोर्ड नव्या पाहुण्याला ओळखणार नाही, असं लिहिलंत. सोबत अकरा ओळींच्या सूचना. बायोस म्हणजे बोर्डावरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम, संगणक चालू केला की तो सगळ्यांत आधी जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो, हे मला तुमच्या पहिल्या ओळीतून कळलं. सातवी ओळ लाल शाईत होती. मी ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करतो. माझ्या हातून आजवर जे काही बिघडलं ते कागदावरचं होतं आणि खोडता आलं. लाल शाईची मला सवय नाही.

तुमच्या बहिणीने मला स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी शाळेचे नकाशे जाऊ देत. मग काय ते कर. तोवर संगणकाच्या त्या डब्याकडे बघूसुद्धा नकोस." (त्या शाळेच्या इमारतीचे तीन जिने ती सहा आठवडे काढते आहे. एक जिना पडद्यावर फिरवून बघायचा तर यंत्र वीस मिनिटं घेतं, आणि ती वीस मिनिटं हनुवटीला हात लावून बसते. हे मला बघवत नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.) शनिवारी सकाळी ती मापं घ्यायला बांधकामावर गेली. संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. मी डब्याकडे बघितलं.

नकाशांची नक्कल आधीच काढून ठेवली होती, तेव्हा नकाशे सुरक्षित होते. पण ते उघडणारा प्रोग्राम फक्त याच यंत्रावर आहे. यंत्र गेलं असतं तर सोमवारी तिच्याकडे जिने असते आणि वर जायची सोय नसती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी संगणक जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला, बाजूचं झाकण काढलं आणि तुमची सातवी ओळ धीर यावा म्हणून मोठ्याने वाचली: काम अर्धवट असताना वीज गेली तर बोर्ड दगावेल.

दादा, हा शब्द तुम्ही वापरायला नको होता.

"कोण दगावतंय?" खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला. गेले सात महिने, म्हणजे पाय मोडून आमच्याकडे आल्यापासून, आई त्या खुर्चीत बसून दिवसातून दोन प्रश्न विचारत. कोण आलं होतं, आणि दार नीट लावलं का. तिसरा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. ते त्यांना पुरलं नाही. त्या उठून टेबलाशी आल्या, उघड्या डब्यात डोकावल्या आणि विचारलं, "वय काय?" सहा वर्षं, मी म्हटलं. "याआधी कधी उघडलंय?" नाही. "आणि तुमची पूर्वतयारी काय?" मी पेनड्राइव्ह दाखवला. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळताना त्यांनी नवशिक्या डॉक्टरांकडे ज्या नजरेने बघितलं असेल, ती नजर निवृत्तीनंतर जशीच्या तशी शिल्लक आहे. मी नखं कापायला गेलो. (कोपरापर्यंत हात धुवायलाही. घड्याळ काढायचं मी विसरलो, म्हणून दोनदा.)

परत आलो तेव्हा पेल्यांच्या ट्रेवर पांढरा रुमाल अंथरलेला होता आणि त्यावर सामान ओळीने मांडलेलं होतं. चार स्क्रू, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, पेनड्राइव्ह, माझा चष्मा. एकूण आठ. तुमच्या पत्राच्या पाठीवर आईंनी तसं लिहून माझी सही घेतली. मग बोर्डाचा नंबर. तो कंपनीने बोर्डावर अशा जागी छापला आहे की वाचणाऱ्याने आधी आपलं डोकं डब्यात सोडावं. मी नंबर वाचला, आवृत्ती एक, आणि तिची फाइल उतरवूनही घेतली. आई म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी वाचला. म्हणाल्या, आता मी म्हणते आणि तुम्ही एकेक अक्षर बोटाने दाखवा. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं तर तिथे एक नव्हता, दोन होता. "चुकीच्या गटाचं रक्त चढवत होतात," त्या म्हणाल्या. रागाने नाही. रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

योग्य फाइल घेतली, दोनदा पडताळली. आता सुरू करू, असं मी म्हणणार तोच त्यांनी केसपेपर मागितला. यंत्र तेवढ्यापुरतं चालू करून, आत्ता बायोसमध्ये जे जे पर्याय जसे आहेत, ते सगळे लिहून काढायचे. एकेचाळीस ओळी झाल्या. दादांच्या सूचनांत हे कुठेही नाही, असं मी नम्रपणे निदर्शनाला आणलं. "दादा माझाच मुलगा आहे," आई म्हणाल्या, "तो शाळेत दप्तर न घेता जायचा." (मी फक्त ऐकलेलं लिहितो आहे.)

मग झाकण लावायची वेळ आली, आणि मोजणी. सात.

स्क्रू तीनच होते. आईंनी ट्रेवर हात आडवा धरला. मी म्हटलं, असेल इथेच कुठेतरी, तीन स्क्रूंवरही झाकण बसतं. यावर त्यांनी मला एका सर्जनची गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहीत नाही, कारण वहिनी हे पत्र जेवताना वाचतील. मोजणी जुळेपर्यंत झाकण बंद करायचं नाही, वीज पुन्हा जोडायची नाही आणि खोलीबाहेर कुणी जायचं नाही. हा नियम. चाळीस मिनिटं मी जमिनीवर होतो. टेबलाखाली, पायपुसण्यात, माझ्या विजारीच्या दुमडीत. आई उभ्या राहून दिशा सांगत होत्या. शेवटी त्यांनी ट्रेवरचा टॉर्च उचलून उलटा केला. त्याच्या बुडाला लोहचुंबक असतो. स्क्रू तिथे चिकटून शांत बसला होता. मोजणी आठ झाली आणि झाकण लागलं.

यानंतर त्यांनी भिंतीतला प्लग उपटून यूपीएस किती वेळ तग धरतो ते बघितलं (त्याने किंकाळी फोडली, पण धरला), प्लग परत लावला, बाहेरच्या दारावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला, कपाटातून दोन मास्क काढले आणि धुतलेली पांढरी चादर त्या डब्यावर पांघरली. पेनड्राइव्हपुरती एक चौकोनी फट ठेवली. अशी चादर मी आयुष्यात कुणाला पांघरलेली पाहिली नव्हती. मी बटण दाबलं. पडद्यावर पट्टी सरकायला लागली, आणि खाली, बंद करू नका, हात लावू नका.

अठरा टक्क्यांवर पंखा बोंबलायला लागला. मग घोंघावायला लागला. "घाम फुटलाय त्याला," आई म्हणाल्या, आणि तेव्हा आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं की डब्याला श्वास घ्यायला जी भोकं असतात, ती आपण स्वच्छ चादरीने बंद केली आहेत. काढावी तर हात लावू नका. न काढावी तर तो आतल्या आत उकडणार. मी पुढे झालो. "तुम्ही मागे व्हा. घाई करणाऱ्याचं हे काम नाही." त्यांनी चादरीचं एक टोक दोन बोटांत धरलं आणि दुधावरची साय काढावी तशी ती इंचाइंचाने मागे घडी करत नेली. डब्याला हात काय, वारासुद्धा लागला नाही. (पंखा तरीही घोंघावतच राहिला. अपडेट चालू असताना तो तसाच घोंघावतो, हे मी दुसऱ्या दिवशी वाचलं. आईंना सांगितलेलं नाही.)

एकसष्ट टक्के झाले असताना दार उघडलं. दारावरच्या कागदावर आईंनी लिहिलं होतं: ऑपरेशन चालू आहे, घंटा वाजवू नये. खाली राहणाऱ्या गाण्याच्या मास्तरांनी तो वाचला होता, घंटा वाजवली नव्हती, आणि तुमच्या बहिणीला फोन करून विचारलं होतं, की आईंचं ऑपरेशन घरीच करायचं ठरलं का. ती मापं टाकून धावत आली होती. मागे मास्तर. तिला दिसलं ते असं: मास्क लावलेला नवरा, मास्क लावलेली आई, टेबलावर अर्धी पांढरी चादर. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुम्ही दोघं उभे आहात," ती म्हणाली, "मग टेबलावर कोण आहे?"

"बूट बाहेर काढ," आई मागे न वळता म्हणाल्या.

मग तिला चादरीखालून पडद्याची वायर दिसली. तो आवाज मास्तरांनी नंतर मला बाजूला घेऊन नावाजला. इतका स्वच्छ वरचा सूर त्यांच्या एकाही विद्यार्थिनीकडे नाही म्हणे. शब्द मी लिहीत नाही. तुमच्या लहानपणापासूनच्या ओळखीचे असतील. मी सगळ्याला हो म्हणत होतो आणि पट्टीकडे बघत होतो. मध्येच ती थांबली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आई, तुझी काठी कुठे आहे?" काठी खुर्चीपाशी होती. खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आईंनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकायला त्यांना सवड नव्हती. शंभर टक्के झाले होते आणि पडदा काळा पडला होता.

दीड मिनिट काहीही झालं नाही. आई भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत उभ्या. मास्तरांनी का कोण जाणे टोपी काढली. तुमची बहीण खुर्चीत बसली आणि मला दिसलं की ती रागावलेली नाही, घाबरलेली आहे. यासाठी माझी तयारी नव्हती. मग पडदा उजळला आणि त्यावर एक ओळ आली, की चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"गेलं," ती म्हणाली.

"केसपेपर," आई म्हणाल्या.

नवी बायोस आली की जुने सगळे पर्याय पुसले जातात, दादा. तुमच्या अकरा ओळींत ते नाही. एकेचाळीस ओळींतली सत्ताविसावी डिस्कच्या जोडणीची होती. तिथे पूर्वी काय होतं ते माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, नाहीतर कुणाच्या बापालाही आठवलं नसतं. मी ते पुन्हा तसं केलं. यंत्र उठलं. नकाशे उघडले. तुमच्या बहिणीने पहिला जिना फिरवायला घेतला, आणि अर्थातच त्याला वीस मिनिटं लागली, कारण प्रोसेसर अजून जुनाच. आम्ही चौघांनी उभं राहून तो अख्खा जिना फिरताना बघितला. इतका चांगला जिना मी आजवर बघितलेला नाही.

आता तुम्हीच सांगा. शनिवारपासून या घराचं काय झालं आहे? इस्त्रीचा केसपेपर तयार झाला. माझी नखं दर दोन दिवसांनी तपासली जातात. सकाळी सातला यूपीएसचा प्लग उपटला जातो आणि त्याच्या किंकाळीने मी उठतो. मास्तरांचा तंबोरा तपासणीसाठी वर येऊन गेला. तुमची बहीण माझ्याशी बोलते ते आईंमार्फत. तेव्हा एक तारीख कृपा करून चुकवू नका. सामान मी स्वतः खाली आणून ठेवीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. पत्र पाकिटात घालून पुन्हा काढलं. एक तारखेला येऊ नका. डॉक्टरांनी आईंना दहा मिनिटं उभं राहायचा सराव सांगितला होता आणि सात महिन्यांत त्या चारच्या वर गेल्या नव्हत्या. शनिवारी त्या अडीच तास उभ्या होत्या. घड्याळ मी ट्रेजवळच काढून ठेवलं होतं, म्हणून माहीत. तुमच्याकडे त्यांना पूर्ण आराम मिळेल, असं तुम्ही लिहिलंत. मला त्याचीच भीती वाटते.

ता. क. दोन. कुणी कारण विचारलं तर असं सांगा की प्रोसेसर अजून बसवायचा आहे. ते खरंही आहे. ती शस्त्रक्रिया आईंनी पुढच्या महिन्याच्या मध्यावर ठेवली आहे आणि मदतनीस म्हणून माझं नाव लिहिलं आहे. त्यानंतर मेमरी वाढवायची आहे. त्यानंतरचं ठरलेलं नाही. पण या यंत्रात अजून बरंच काही बिघडवता येण्यासारखं आहे, आणि मी लक्ष ठेवून आहे. आपल्या दोघांतच ठेवा.