दुर्बीण घ्यायची आहे

३ नोव्हेंबर
डोकं भणभणलंय! चार दुकानं, चार मतं. एक म्हणतो आरशाची घ्या, दुसरा म्हणतो भिंगाची. तिसऱ्यानं विचारलं, "बघायचंय की फोटो काढायचेत?" म्हटलं, फोटो. "मग बजेट?" मी सांगितलं — दोन पगार. त्यावर तो जे हसला, ते अजून कानात आहे.
बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासतोय. अख्ख्या गल्लीच्या नाकावर माझ्या हातची काच आहे. आणि दुर्बिणीतलं मला ओ की ठो कळत नाही.

४ नोव्हेंबर
हिला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण दिसणं कमी झाल्यापासून हिचे कान फार तिखट झालेत. "अहो, फोनवर दुर्बिणीचं काय विचारत होता?" पकडलो गेलो!
कशासाठी हा खटाटोप, ते एकदा लिहून टाकतो. हिच्या डोळ्यांचा पडदा कडेनं वाळत चाललाय. आधी अंधारात दिसेनासं झालं. मग कडा गेल्या. आता समोरचं तेवढं वाटीएवढं उरलंय, तेही भरपूर उजेड असेल तर. डॉक्टर म्हणाले — वर्ष, फार तर दीड. जगाला मी नंबर काढून देतो. हिच्यासाठी नंबरच नाही.
गेल्या महिन्यात वीज गेली म्हणून गच्चीवर बसलो होतो. ही म्हणाली, "वर चांदण्या असतील ना? शेवटच्या कधी पाहिल्या, आठवतच नाही." मग कुठेतरी वाचलं, की कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवला की उजेड साठतो. डोळ्याला न दिसणारंही उमटतं. आणि कॉम्प्युटरच्या उजेडात हिला अजून दिसतं!
नेटवरचे फोटो दाखवले होते. म्हणाली, "छान आहेत. पण ते कुणाच्या तरी गच्चीवरचे."

१२ नोव्हेंबर
घेतली! आरशाची. लांबलचक पांढरी नळी. दुकानदार म्हणाला, "काका, एवढ्या पैशांत एवढं मोठं तोंड कुणी देणार नाही." जिन्यातून आणताना वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "गीझर बदलला का?"

१४ नोव्हेंबर
चंद्र पाहिला. काय सांगू! खळगे मोजता येतील असा. कॅमेरा उद्या जोडायचा.

१८ नोव्हेंबर
फोटो? छे! चांदण्या नाहीत, गांडुळं! प्रत्येक ठिपका लांबुळका. मी पाय उचलला की गच्ची हलते, गच्चीनं स्टँड, स्टँडनं नळी. नुसता सुस्कारा सोडला तरी डुलते. ही खाली कॉम्प्युटरसमोर ताटकळत बसलेली. "जमलं?" — नाही जमलं. तीनदा तेच सांगितलं, तीन दिवसांत. मग तिनं विचारायचंच सोडलं. ते जास्त लागलं.

२२ नोव्हेंबर
दुकानात गेलो. परत घेणार नाही म्हणे, खोकं फोडलंय. "आणि काका, माउंट हलका आहे हे तुम्ही आधी विचारायला नको का?"
मी काय विचारणार, डोंबल! मला तो शब्दच ठाऊक नव्हता. नळी ज्यावर बसते तो सांधा आणि पाय — त्याला माउंट म्हणतात. पैसे त्यात घालायचे असतात. मी सगळे नळीत घातले. माझी गिऱ्हाइकं फ्रेमचा रंग बघून चष्मा घेतात, काचेचं विचारतही नाहीत, तेव्हा मी मनातल्या मनात हसतो. आता हसून दाखव म्हणावं!

२३ नोव्हेंबर
काही सुचत नाही.

८ डिसेंबर
तपासणी. डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून पाहिले. "समोरचंही कमी होतंय. दीड वर्ष धरून चालू नका." बसमधून येताना ही म्हणाली, "चला, तुमचं टक्कल बघायचं तरी वाचलं." आणि हसली. मागच्या सीटवरचा माणूसही हसला.

१५ डिसेंबर
"दुर्बीण विकणे आहे" अशी चिठ्ठी मालकांना विचारून काउंटरवर लावलीय. आज एक जुनं गिऱ्हाईक आलं — जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा. चिठ्ठी वाचून म्हणाले, "कशावर बसवली होतीत?"
महिन्याभरात पहिला माणूस, ज्यानं नेमकं विचारलं! मग मी सगळं सांगून टाकलं. हिच्या डोळ्यांसकट. भर दुकानात.
त्यांनी स्टूल ओढलं. "मी जन्मभर तिपाई रोवलीय. ऐका. पाय डळमळला की मोजणी खोटी. त्यात तारे सरकतात. म्हणून माउंटही त्याच चालीनं फिरला पाहिजे. आधी असा भक्कम, फिरणारा माउंट घ्या. जुना चालेल. त्यावर नळी हातभरसुद्धा पुरे."
"पण एवढ्याशा नळीत दिसेल का हो?"
"बघायचंय कुठे? साठवायचंय ना! बारीक धारेनंही बादली भरते की. नळ जरा वेळ सोडायचा."

२८ डिसेंबर
मोठी नळी एका शाळेनं घेतली, अर्ध्या किमतीत. त्यात उरलेलं सगळं ओतलं आणि मोजणीकाकांच्या ओळखीच्या माणसाकडून माउंट आणला. एका बाजूनं खरचटलेला. भरल्या सिलिंडरइतका जड. कंबर धरलीय. वर वीतभर भिंगाची नळी! लेकीला वसतिगृहात फोटो पाठवला. लगेच फोन — "बाबा, हत्तीवर उंदीर बसवलाय!"

२ जानेवारी
काकांना ताप. मला एकट्याला माउंट लावता येत नाही. आज हिनं चहाचा कप ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. फुटला. मी तुकडे गोळा केले, ही भिंतीकडे तोंड करून उभी. आणि मी वाट बघतोय — कशाची, तर ताप उतरण्याची!

७ जानेवारी
काका आले. मफलर, टोपी, गुडघ्याखाली गोणपाट. माउंटचा आस ध्रुवाकडे रोखायचा असतो. अर्धा तास ते जमिनीवर बसून होते. मग नळी मृग नक्षत्राकडे. बाणाच्या तीन चांदण्यांखालचा तो धुरकट ठिपका. मिनिटामिनिटाचे चाळीस फोटो. ते एकावर एक रचायला कॉम्प्युटरनं घेतलेला वेळ — जीव टांगणीला!
हिची खुर्ची अगदी पुढे ओढली. ही मान हळूहळू फिरवत होती, शोधत होती. मग मान थांबली.
"गुलाबी आहे."
"हो."
"पंखासारखं पसरलंय."
"हो! हो!"
"अहो, हे आपल्या गच्चीवर होतं? इतकी वर्षं?" मी म्हटलं, होतं. तर म्हणते, "आणि मी तिथं नुसते कपडे वाळत घातले!"
काका चष्मा पुसत बसले. खूप वेळ पुसत बसले.

८ जानेवारी
सकाळी बघितला. जेवणाआधी बघितला. जेवणानंतरही.

३१ जानेवारी
लेक सुट्टीवर आली. हिनं तिला फोटो असा समजावून सांगितला, जणू स्वतःच काढलाय! आता हिला कृत्तिका हव्यात. लेक म्हणाली, "काकांना कशाला त्रास? उद्या मी लावते माउंट. सगळं वाचून आलेय."

१ फेब्रुवारी
लेक आणि मी साडेसातला गच्चीवर चढलो. अमावस्या जवळ आलेली, आभाळ धुतल्यासारखं लख्ख. मी बोट दाखवलं — तो बघ ध्रुव, टाकीच्या उजव्या अंगाला, एकटाच. ती बघत राहिली. बराच वेळ. माझ्या बोटाला गाल टेकवून बघितलं. मग म्हणाली, "कुठे, बाबा? मला तर एकही चांदणी दिसत नाहीये. ढग आलेत ना?"
मी म्हटलं — हो गं. ढग आलेत.
आणि तिचा हात घट्ट धरून जिना उतरलो.