उष्टं फूल

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. आज सकाळी डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलापाशी बसले होते. एक मधमाशी नर फुलातून बाहेर आली ती पिवळ्या पिठानं पार माखलेली, आणि सरळ शेजारच्या मादी फुलात शिरली. ते बघता बघता मनातल्या मनात तुमच्याशीच भांडायला लागले. मग म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

विहिरीकडेचा तुमचा फुलांचा वाफा अजून डोळ्यांपुढं आहे. शेवंती, अ‍ॅस्टर आणि मुठीएवढा भरगच्च गोंडा-झेंडू. माशीनं तोंड लावलं की फूल उष्टं झालं, ते देवाला चालत नाही, हा तुमचा नेम. दिवस उगवायच्या आत तुम्ही फुलं तोडायचात, आणि राहिलेल्या फुलांवर माशा येऊ नयेत म्हणून वाफ्याच्या कडेला गोवऱ्यांची धुरी करायचात. गावात दुसरं कुणी एवढं पाळत नव्हतं. आई म्हणायची, "देवाला चालतंय हो, तुमालाच चालंना." तुम्ही तिच्याकडं बघायचासुद्धा नाहीत. गोंडा तुमचा लाडका, कारण त्याच्यावर माशी फारशी बसतच नाही. पाकळ्यांची एवढी दाटी, की तिला आत शिरायला वाट नाही आणि शिरली तरी खायला काही नाही. हे मला फार उशिरा कळलं, तेही कुणी न शिकवता, नुसतं बघून बघून.

नवऱ्यानं दुसरी केली आणि मला माहेरी आणून सोडलं, ते मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. परसात मोरीच्या पाण्यावर मी डांगर लावलं होतं. वेल मांडवभर पसरला, पण फळ धरेना. मादी कळीच्या बुडाशी इवलंसं डांगर दिसायचं, चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. मला वाटलं, माशाच नाहीत तर होणार काय! तुमच्या धुरीनं त्या आमच्या परसाकडं फिरकतच नव्हत्या. मग मी वेलाच्या बाजूला एकेरी झेंडू लावला, पाच-सात पाकळ्यांचा, मध्ये उघडा. त्याच्याशेजारी सब्जा. शेपू आणि कोथिंबीर न उपटता तशीच फुलायला सोडली. एकेक रोप लांब लांब न लावता झुपक्यानं लावलं, म्हणजे माशीला लांबून दिसावं. एक बहर सरला की दुसरा सुरू व्हावा, असं बघितलं. महिनाभरात परस नुसतं गुणगुणायला लागलं, आणि डांगरं धरली. पहिलं डांगर हातात तोलून तुम्ही म्हणालात, "लई जड हाय." तेवढं एकच कौतुक. ते मी जपून ठेवलंय.

त्याच दिवसांत सोनई गावाकडून पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं, स्थळ आलं. माणूस बिजवर होता. बघायला त्याची थोरली बहीण आणि म्हातारा चुलता आले होते. ती बाई ओसरीवर न टेकता आधी परसात आली. कमरेवर हात ठेवून माशांकडं बघत राहिली.

"हे कुणी लावलं गं?"

"मी."

"आमच्याकडं कांद्याच्या फुलात बी भरंना झालंय. बांधाला असं लावाया पायजे. येतीस का आमच्याकडं?" असं म्हणून तिनं मला कोपरानं ढोसलं. किती दिवसांनी हसले होते मी.

आणि ओसरीवर तुम्ही चहाची बशी खाली ठेवताय. मी दाराआड उभी आहे. तुम्ही म्हणताय, "पावनं, मी कुनाला फसवायचा न्हाई. पोरगी नांदून आलीया. उष्टं फूल हाय. तुमचं तुमी बघा."

ती बाई फटकन म्हणाली, "आमी पोरगी बघाया आलोय का ताट?" पण म्हातारा चुलता उठलाच. त्यांना मी नांदून आलेली हे ठाऊकच होतं, पण बापच असं बोलतोय म्हटल्यावर आणखी काहीतरी असणार, असं त्यानं धरलं. जाताना बाईनं मागं वळून बघितलं. परत कुणी आलं नाही. तुमच्या लेखी तुम्ही खरं बोलला होतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "आण्णा, ही डांगराची भाजी कुणाची उष्टी?" तुम्ही हात न धुता उठलात, झेंडू, सब्जा, सगळं उपटून बांधापलीकडं फेकलंत. वेल मात्र ठेवलात. आई पुटपुटली, "खायाचं तेवढं बरं सोवळ्यात बसलं."

मग दुष्काळ पडला. विहीर आटली, तुमचा वाफा करपला. आई आणि मी खडी फोडायला जात होतो. मोरीच्या ओलीवर, गळालेल्या बियांतून माझा एकेरी झेंडू तेवढा परत उगवला होता. एका सकाळी तुम्ही परसात आलात. फुलावर माशी बसलेली होती. तुम्ही ती हातानं हाकललीत, फूल तोडलंत, घोटभर पाण्यात धुतलंत आणि देवापुढं ठेवलंत. मी चुलीपाशी बसून सगळं बघितलं. वाटलं, आता तरी काही बोलाल. तुम्ही पोथी उघडलीत.

फूल चाललं, आण्णा. मी चालले नाही.

आता भावाच्या घरी राहते, त्याच्या सुना-नातवंडांत. माझ्यावर जीव टाकतात सगळी. गावातल्या बाया रोपं मागायला येतात. मी सांगते, दिसायला भारी ते घेऊ नका, उघडं फूल घ्या. तुम्ही वाईट होतात असं मी कुणाला सांगत नाही. चांगले होतात असंही तोंडातून निघत नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही. पण एक गोष्ट कुणाशीच बोलले नाही, ती लिहिते. सगळ्यांना वाटत आलं की मलाच परत संसार नको होता, आणि मीही तसं वाटू दिलं. तसं नव्हतं. तुम्ही ओसरीवर बोलेपर्यंत मी मनात सोनईचा तो बांध लावून काढला होता, झेंडू कुठं, सब्जा कुठं. मला जायचं होतं.