डोक्यावरून ओतायची वाईन

बाभुळवस्ती, ता. नेवासा, जि. अहमदनगर
गुरुवार, १ फेब्रुवारी १९९६

प्रिय साडूभाऊ अंतोनराव यांना शमुवेलचा प्रभूच्या नावाने सलाम.

इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा, बनुबाईंचा दमा आणि लग्नाच्या गडबडीत उपाशी राहिलेली तुमची शेळी या सगळ्यांसाठी मी रोज प्रार्थना करतो. (तुम्ही कॅथलिक असलात तरी करतो. पुष्पावतीची सख्खी बहीण तुमच्या घरात दिली आहे, त्याला इलाज नाही.) तुमची लेक स्नेहल सासरी रुळली का, ते सवडीने कळवावे.

स्नेहलच्या पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं, ते तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही मंडपवाल्याची भांडी परत द्यायला गेला होता. आमच्या गावाने मात्र पाहिलं, आणि आता ते फिरत फिरत तुमच्यापर्यंतही येईल. तेव्हा आधी माझ्याच तोंडून ऐका. मी प्रार्थना उरकून तुमच्या अंगणात उरलेली बुंदी खात बसलो होतो. एवढ्यात तुमचे म्हातारे स्पॅनिश फादर आले. बरोबर तिकडून आलेला त्यांचा पुतण्या आणि मुलीच्या बापासाठी भेट म्हणून दोन बाटल्या. मी उठून उभा राहिलो. (आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी म्हाताऱ्या माणसासाठी उठतो.) फादरांनी आपलं मराठी बहुधा तुमच्या श्रीरामपूरच्या बाजारात उचललेलं असावं. म्हणाले, "बसा पाव्हणं. अंतोन न्हाई, तर तुमी घ्या."

मी हात जोडून सांगितलं की आम्ही घेत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या प्याल्यातसुद्धा द्राक्षारसाऐवजी मनुकांचा रस असतो आणि तो मी करतो, माझ्याआधी माझे वडील करायचे. एवढ्यावर कोणीही गप्प बसला असता. पण फादरांनी विचारलं, "कसा करता?" अंतोनराव, इतकी वर्षं मी तो रस करतो, पण हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग मी थांबतो कशाला! काळ्या मनुका निवडून रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करायच्या, रस स्वच्छ पंच्यातून गाळायचा, उकळायचा आणि मग एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात हात उंच करून ओतत ओतत निववायचा, सगळं सांगितलं. 'हात उंच करून' म्हटल्याबरोबर फादर लहान मुलासारखे हसले. त्यांच्या गावी, समुद्राकाठी, ही वाईन अशीच ओततात म्हणे. नाव चाकोली. (आपल्या चकोल्यांशी काही संबंध नाही, विचारून घेतलं.) पुतण्याने बाटली उघडली, डोक्याच्या वर धरली आणि अर्धी धार स्वतःच्या बुटांवर सोडली.

हे मला बघवेना. एखाद्याच्या हातून भाकरी फाटताना बाईमाणसाला जसं होतं, तसं झालं. मी बाटली मागून घेतली, हात वर केला आणि धार सोडली. थेंबसुद्धा बाहेर गेला नाही. पेल्यात बारीक फेस उठला आणि बसला. आणि रंग बघतो तर पांढरा! म्हणजे दुधासारखा नव्हे, गव्हाच्या काडासारखा फिका. जन्मभर मी द्राक्षारस लालच समजत आलो. हात वर करून ओतलेला पेला मग तसाच पुतण्याच्या हाती देणं मला बरं दिसेना. मी प्यालो.

आता चव सांगतो, कारण सगळं भांडण तिच्यावरच आहे. द्राक्षाचा घड पिकायला थोडे दिवस असताना वेलीवरून चोरून एक मणी तोडावा, वर मिठाचा खडा चाटावा आणि विहिरीतलं पहिल्या बादलीचं पाणी प्यावं, तशी. आंबट, थंड, जिभेला बारीक मुंग्या आणणारी. चढायचं म्हणाल तर कपाळसुद्धा गरम झालं नाही. (तुम्ही नंतर आलात, घोट घेतलात आणि "यापरीस ताक बरं" म्हणालात. त्याबद्दल मी तुम्हाला क्षमा केली आहे.)

ही वाईन चारचौघांसारखी पेल्याला टेकवून ओतायची असती, तर काहीच झालं नसतं. पण ती डोक्यावरून ओतावी लागते, आणि तुमच्या कंपाउंडाची भिंत माझ्या छातीएवढी आहे. वऱ्हाड सोडून परत आलेला आमच्या गावचा गहिनीनाथ नेमका भिंतीपलीकडे टेम्पोत बसला होता. त्याने गावच्या गिरणीत सांगितलं की शमुवेल मास्तर (मी मास्तर नाही, तो चेष्टेने म्हणतो) बाटली आभाळाकडे धरून पीत होता. दळण घरी पोचेपर्यंत मी बाटली तोंडाला लावलेली होती. संध्याकाळपर्यंत मी तुमच्या शेळीच्या गळ्यात पडून रडलोही होतो.

मग आमच्या चर्च कमिटीचे काकासाहेब घरी आले. चहा प्यायले, घसा साफ केला आणि म्हणाले, "शमुवेल, प्यालास का?"

"प्यालो."

"पाजली म्हन. कॅथलिक पाव्हण्यांनी आग्रेव केला म्हन."

"मीच ओतली, काकासाहेब. चांगली ओतली."

"बरं, मग कडू हुती म्हन. तोंडात घेतली आन् थुकली म्हन. येत्या रविवारी सगळ्यांपुढं येवढं एक वाक्य बोल. मंडळी मोठ्या मनाची हाय, पातेलं तुज्याकडंच ऱ्हाईल. न्हाईतर मेव्हण्याला सांगतो."

त्यांचा मेव्हणा मनुका भिजवत नाही. तो बाजारातून जांभळं सरबत आणतो. म्हणजे पुढ्यात काय ठेवलं आहे ते नीट पाहा: वडिलांपासून आमच्या घरी असलेलं मंडळीचं पातेलं, प्रभूचा प्याला आणि एक वाक्य. पुष्पावती म्हणते, "एक वाक्य बोलायला काय जातंय? लोक घरदार इकून पित्यात, तुमी पातेलं घालवून पिताय."

पण मी बोलणार नाही. प्यालो हे दहादा सांगेन, कडू होती हे एकदाही सांगणार नाही. पश्चात्ताप मला ओळखता येतो. पश्चात्ताप झाला की घास उतरत नाही. मी त्या दिवशी परतीच्या एस.टी.त दोन भाकरी आणि उरलेली सगळी बुंदी खाल्ली. चव देणारा तो, जीभ देणाराही तोच. त्याच जिभेने, त्याच्याच घरात उभं राहून, चांगल्याला वाईट म्हणू? आणि तेही त्याच्याच प्याल्याची सेवा मिळावी म्हणून? काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला त्याचं काय, असं काकासाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "तिथलं तिथं." मी तरी काय म्हणतो, श्रीरामपूरचं श्रीरामपुरात!

हे सगळं तुम्हाला लिहिताना मी मोठा धीट दिसतो, पण खरं सांगतो, कालपासून पातेलं दोनदा घासलं. रविवार जवळ आला आहे. बनुबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा साडू,
शमुवेल

ता. क. (शनिवार) : पत्र पेटीत टाकलं नव्हतं, म्हणून लिहितो. संध्याकाळी मनुका पुढ्यात घेऊन नुसता बसलो होतो. पुष्पावती शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "खरंच येवढी चांगली हुती का वो?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग खोटं कशाला बोलायचं? पन मलाबी कळू द्या, कशापायी पातेलं चाललंय ते." तर अंतोनराव, एवढं लांबलचक लिहिण्याचं कारण हे, की ती दुसरी बाटली तुमच्या कपाटात न उघडता पडून आहे आणि तुम्हाला ताक आवडतं. कोणी येणारं असेल त्याच्या हाती द्यावी. वर लोणचं म्हणून लिहू नये. वाईन लिहावं, ठळक. फक्त बनुबाईंना सांगू नये की बहिणीने मागितली.

ता. क. २ (रविवार, दुपार) : उपासनेत काकासाहेबांनी माझं नाव घेतलं. उभा राहिलो. म्हणालो, मी प्यालो, कोणी पाजली नाही, थुकली नाही, झिंगलो नाही, आणि ती चांगली होती. मग पुढच्या सतरंजीवरून म्हाताऱ्या राहीबाई, ज्यांना ऐकू कमी येतं, मोठ्याने म्हणाल्या, "मंग आमाला का न्हाई आनली रं?" पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. प्रभुभोजनात काकासाहेबांच्या मेव्हण्याने आधीच आणून ठेवलेलं जांभळं सरबत होतं. मी ते श्रद्धेने घेतलं, माझ्यापुरता तो प्रभूचाच प्याला होता. उपासना संपल्यावर चिंचेने घासून लख्ख केलेलं पातेलं मी काकासाहेबांच्या हाती दिलं. त्यांची मिशी जांभळी झाली होती. मी ते सांगितलं नाही.