पोरांसमोर बोललेलं खोटं

अंबड, मंगळवार संध्याकाळ

आज माझी मलाच लाज वाटून राह्यली. दुपारी दोन्ही पोरं ओसरीवर शेंगदाण्यांच्या ढिगल्या करून गुणाकार शिकत होती. तेवढ्यात वडीगोद्रीहून मोठ्या जाऊबाई आल्या.

"आज शाळा न्हाई का यांना?"

वर्ष झालं, मी दोघांना घरीच शिकवते. सासरी अजून कुणाला सांगितलेलं न्हाई. तोंडातून निघून गेलं, "ताप आल्ता दोघांना."

धाकटा ओम माझ्याकडं बघतच राह्यला. मंग खोकायला लागला. खोटंच, माझ्यासाठी. खोटं बोलायचं न्हाई, म्हणून सकाळीच त्याला रागावले होते.

जाऊबाईंनी घाबरून त्याच्या कपाळाला हात लावला, तसा थोरला वेदांत म्हणाला, "मोठी आई, ताप न्हाई आम्हाला. आम्ही शाळेत जातच न्हाई. आई शिकवते."

"मंग लपवायचं कशाला?" जाऊबाई साधेपणानं म्हणाल्या. लोक हसतील, याचीच भीती. दुसरं काय?

तो खोकला कानातून जात न्हाई. किती जल्दी शिकला माझ्याकडून!

त्या गेल्यावर ओमनं विचारलं, "आई, आपण घरी शिकतो ते वाईट असतं का?"

बिलकुल न्हाई, म्हणाले. त्याच्या डोळ्यात बघून म्हणता आलं न्हाई.