कावळ्याला कबूल केलेले दोन कार्बोरेटर

प्रिय अण्णा,

आज सकाळी तुझ्या म्हशीच्या नाकातनं आग आली आणि तुझी मीनू आत स्टिअरिंगवर बसली होती. म्हणून हे पत्र. एरवी तू गेल्यापासून मी शेडमध्ये तुझ्याशी मोठमोठ्यानं बोलतेच की, स्पॅनर हातात धरून! पण आजचं तोंडी व्हायचं नाही. तोंडी बोलले तर रडेन, आणि मला भांडायचंय.

आधी सांगून टाकते, पोरीच्या केसालाही धक्का लागलेला नाही. उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

म्हैस! वहिनीनं आप्पांच्या गाडीला काय नेमकं नाव ठेवलं होतं रे! काळी, रुंद, आणि मनात आलं की रस्त्याच्या मधोमध बसणारी. आप्पा गेल्यावर चामराजपेटच्या घरामागे शेडमध्ये किती वर्षं तशीच पडून होती. तू रिटायर झालास आणि तुला चेव आला. 'सुमा, हिला पळवायची!' पळवायची म्हणजे काय, तर गुजरीतल्या भंगारात एकेक पार्ट धुंडाळत दोघांनी उन्हात हिंडायचं.

मी तेव्हाच म्हटलं होतं, बाकी इंजिन कितीही सुधार, त्याला पेट्रोल-हवा पाजणारं तोंड मापाचं हवं. आप्पांचा लहानसा एकच कार्बोरेटर होता, खाली अरुंद नळ्यांचा मॅनिफोल्ड. दिसायला गरीब, पण चारी सिलिंडरना पोटभर पाजायचा. तुला कुठला आवडायला! मुंबईहून कुणाकडनं तरी ते दोन दांडगे कार्बोरेटर आणलेस, कुठल्या मोठ्या इंजिनावरचे देव जाणे, आणि त्यांच्यासाठी जाड नळ्यांचा नवा मॅनिफोल्ड वेल्ड करून घेतलास. मी म्हटलं, 'तान्ह्या पोराला कुणी बादलीतनं दूध पाजतं का?' तू म्हणालास, 'स्वल्प गप्प बस गं. एकदा आवाज तर ऐक.'

आवाज! लहानपणी आप्पा तुला मद्रासकडे गाड्यांची शर्यत बघायला घेऊन गेले. मला नेलं नाही, ते अजून लक्षात आहे माझ्या. तिथं दोन कार्बोरेटरची कुठली तरी गाडी ऐकून आलास आणि जन्मभर तेच तुणतुणं. कारखान्यात इंजिनं तपासता तपासता तुझे कान गेले, तरी तो आवाज काही डोक्यातनं गेला नाही. अरे, तुला धड ऐकू येत नव्हतं, मग हट्ट कुणासाठी चालला होता?

म्हणून तर मी लागायचे तुला. कार्बोरेटरची जोडी म्हणजे बैलजोडीच, दोघांनी सारखं ओढलं पाहिजे. रबरी नळीचं एक टोक माझ्या कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत शिरताना कुठला जास्त फुसफुसतोय ते मी सांगायचं, स्क्रू तू फिरवायचा. 'आता?' 'उजवा जास्त.' 'आता?' 'स्वल्प अजून.' 'सरी?' 'सरी, जमलं!' वहिनी दारातनं म्हणायची, 'आले बघा म्हशीचे डॉक्टर.' किती हसायचो आपण!

आणि मग तू गेलास. इंजिन पुन्हा खोललेलं, अर्धवट, जोडी काढून पेटीत. हार्टचं दुखणं लपवून ठेवलंस ना? मला तरी सांगायचं होतंस! कार्बोरेटरचं सगळं सांगायचास, छातीचं तेवढं नाही.

श्रीरंगपट्टणला दहाव्याला काय झालं ते तुला ठाऊक असेलच. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या फांदीवर बसलाय, बघतोय, पण खाली येईना. वहिनी हात जोडून म्हणाली, 'मीनूचं लग्न वर्षाच्या आत लावते.' ढिम्म. मीनू म्हणाली, 'बाबा, मी आईला एकटं टाकणार नाही.' त्यानं मान फिरवली. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. वहिनीचा चेहरा मला बघवेना, अण्णा. मग माझ्याच तोंडून निघालं, 'अण्णा, तुझी जोडी म्हशीला बसवते. तुला हवी तश्शीच!'

आणि आला की रे खाली! सगळे रडले. मीही रडले, आणि रडता रडता हसलेसुद्धा. मेलास तरी कार्बोरेटर सोडवेनात तुला!

तो शब्द आता गळ्याशी आलाय.

परवा मीनूचं लग्न. तिचा एकच हट्ट, मल्लेश्वरमच्या हॉलवर बाबांच्या गाडीतनंच जाईन, आणि चालवायची आत्यानं. आता चामराजपेट ते मल्लेश्वरम म्हणजे काय रस्ता आहे का! सिग्नल, बस, रिक्षा, मुंगीच्या पावलानं जायचं. तुझी जोडी जोरात पळवली तर गाते, पण हळू चालवली की अडखळते. जाड नळ्यांतनं हवा रेंगाळत जाते, पेट्रोल भिंतींना चिकटतं, इंजिनाला वेळेवर काही मिळत नाही. त्यात ते मुंबईच्या समुद्रकाठच्या हवेला जुळवलेले. आपलं गाव उंचावरचं, हवा विरळ, त्यामुळे सुरुवातीला काळा धूर. मी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलले, एक माप लहान, मग आणखी एक. धूर गेला, अडखळणं गेलं नाही. उलट तोंडातनं फाटफाट उडायला लागलं.

गेल्या महिन्यात मी वहिनीला म्हटलं, आप्पांचा जुना कार्बोरेटर परत बसवू या का? तुझी बायको काय म्हणाली सांगू? 'कावळ्यासमोर शब्द दिलायस, सुमा. तो मोडलास तर माझी पोर त्या गाडीत बसायची नाही. यांचा जीव तिथंच घुटमळत राहील.' वर पुन्हा आप्पांचा कार्बोरेटर शेल्फवरनं गायब! अख्खी शेड पालथी घातली. मॅनिफोल्ड होता, कार्बोरेटर नाही. मला वाटलं, भंगारवाला घेऊन गेला.

मग काय, आज सकाळी पुन्हा जोडी लावत बसले. एका हातात नळी, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर, पेडलवर मीनू. तुझ्या हाताचं काम मला जमत नाही रे. उजवा धरावा तर डावा सुटतो. मी म्हटलं, 'मीनू, स्वल्प दाब.' तिनं दाबलं, फाट् झालं, इंजिन बंद, आणि डाव्या कार्बोरेटरच्या तोंडातनं हातभर ज्वाळ! मी ओरडले, 'स्टार्टर मार, सोडू नकोस!' पोरीनं मारला. आग आत ओढली गेली, उरलेली मी ओल्या गोणपाटानं दाबली. तुझीच मुलगी, चावी सोडली नाही. तिच्या हातांवर कालच काढलेली मेंदी होती, अण्णा. तिथनं वीतभरावर पेट्रोल जळत होतं.

वहिनी दारात उभी होती. आत निघून गेली. मी तिथंच पायरीवर बसले आणि तुला इतक्या शिव्या घातल्या, इतक्या! कसली रे तुझी हौस? जिच्यावर एवढा जीव टाकलास तिलाच भाजायला निघालास? आणि मी तरी काय, कावळ्याला भिऊन महिनाभर ते घोडं दामटत राहिले!

दुपारी वहिनी बाहेर आली. पदरात काहीतरी धरलेलं. माझ्यासमोर ठेवलं. आप्पांचा कार्बोरेटर! तांदळाच्या डब्यात लपवला होता बाईनं, म्हणजे मला शब्द मोडायची सोयच उरू नये. ती म्हणाली, 'मला काही विचारू नकोस. मी हो म्हणणार नाही. तू शब्द दिलायस, तू बघ.' आणि कुंकवाच्या कोयऱ्या भरायला गेली. मी तो उलटा केला, तर तोंडातनं मूठभर तांदूळ सांडले.

मी जोडी काढली. नट सैल करताना हात जड झाले, खोटं कशाला बोलू? तू वेल्ड करून घेतलेला मॅनिफोल्ड खाली ठेवला तेव्हा तुला दुसऱ्यांदा उचलून नेतोय असं वाटलं. मग आप्पांचा मॅनिफोल्ड, आप्पांचा कार्बोरेटर. दुसऱ्या किल्लीला सुरू झाली. शांत, एकसारखी, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा अशी. त्या आवाजात गाणं नाही, कबूल. वहिनी खिडकीतनं ऐकत होती. मीनू पुन्हा गाडीत जाऊन बसली आणि वहिनीनं तिला हाक मारली नाही.

तू रागावलास का? खरं सांग. दुपारपासून मला दुसरं काही सुचत नाहीये. तो कावळा खरंच तू असशील तर मी तुला फसवलं. नसशील तर कुणाला भिऊन पोरीचा जीव पणाला लावला मी? दोन्हीकडनं मीच चुकते.

म्हणून ऐक. शब्द मी दिला, मीच मोडला. रुसायचं तर माझ्यावर रुस. वहिनीच्या स्वप्नात जाऊ नकोस, पोरीच्या सुखाला नाट लावू नकोस. तुझी जोडी धुऊन, तेल लावून, तुझ्याच खाकी शर्टात गुंडाळून ठेवलीय. विकणार नाही.

आणि हा नवा शब्द, कुठल्याही पाखराला साक्ष न ठेवता दिलेला: परवा मल्लेश्वरमपर्यंत म्हैस एकदाही बसणार नाही, आणि तुझी पोर तिच्यातनं हसत उतरेल. तुझं माझं भांडण मात्र राहिलंच. मीनूला सांगून ठेवलंय, माझ्या दहाव्याला कावळा अडून बसला तर भलतंसलतं कबूल करू नकोस. हात जोडून एवढंच म्हण, 'बाबा, आत्या आलीय. आता तुम्ही दोघं बघून घ्या.'

तुझा कान,
सुमा