पडद्याकडे पाठ

सोमवार, ४ मार्च

आजही टाळ्या! यान मंगळावर उतरलं रे उतरलं की टाळ्या. कुणासाठी वाजवतात? यानाला ऐकू येतं का?

माझी जागा थिएटरात काचेआड, कंट्रोल रूममध्ये. पडद्याकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड — कामच ते. खुर्च्या गदागदा हलतात, तोंडावर पाण्याचा फवारा, मानेवर वारा, नाकात जळक्या तारेचा वास. कुणाला झेपलं नाही तर त्याच्या रांगेच्या खुर्च्या बंद करायच्या. सिनेमा मी पाहिलेलाच नाही, पण लोकांच्या तोंडांवरून पाठ झालाय. आ वासले की स्फोट. चष्मा वर सरकवून डोळे पुसले की कॅप्टन गेला. तो बिचारा रोज मरतो, आणि ह्यांना रोज नवं दुःख होतं.

खेळ सुटल्यावर एका गृहस्थाची तक्रार — ‘मंगळावर कोबी शिजल्यासारखा वास येतो, हे चुकीचं आहे.’ जाऊन आले असतील!

मंगळवार, ५ मार्च

टायनं (आमचा मॅनेजर, झोपतानाही टाय सोडत नसेल) परत विचारलं. दुसऱ्या शहरात याहून मोठं थिएटर उघडतंय, तिथलं सगळं मी बघायचं. उत्तर पुढच्या शनिवारपर्यंत. ‘मागच्या वर्षीही नाही म्हणालात. आता तिसऱ्यांदा विचारणार नाही,’ म्हणाला.

मला जायचंय. इथे तरी लिहिते — मला जायचंय!

पण बाबांना कोण उचलणार? खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंग ते खुर्ची, खुर्ची ते संडास, सगळं माझ्या अंगावर. वहिनीला हात लावू देत नाहीत, संकोच वाटतो म्हणे. आणि दादा? दादाची कंबर! मागच्या वर्षी नेमकी माझ्या बदलीचं बोलणं निघालं त्याच आठवड्यात धरली. माझं नशीबच फुटकं. तो खाली पडलेला चमचासुद्धा उचलत नाही, वहिनीला हाक मारतो.

बुधवार, ६ मार्च

दादा कंबरेला शेक घ्यायला गेला होता. दर बुधवारी जातो. येतो तेव्हा चेहरा कसा टवटवीत! मानवतोय म्हणे.

रविवार, १० मार्च

हाउसफुल्ल. नुसता वैताग. कॉलेजातलं एक टोळकं काही व्हायच्या आधीच किंचाळत होतं. एक आजोबा कॅप्टनला मोठ्यानं सांगत होते — ‘अहो, वाका! वाका म्हणतो ना!’ एक बाई फवारा आला की दरवेळी शेजारच्या परक्या माणसाचं मनगट धरायची, आणि त्याची बायको पलीकडून डोळे वटारून बघायची. एकजण स्वतःच्या टोपीत ओकला. रांग बंद करायला गेले तर हातानंच ‘नको नको’! टोपी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसला पठ्ठ्या. हौसेला मोल नाही!

ह्यांना घरी हादरे कमी बसतात का, की इथे तिकीट काढून बसायचं? मी घरी जाऊन एक माणूस उचलते. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

एकदाच सगळे गप्प होतात. पृथ्वी मागे राहून ठिपक्याएवढी होते, तेव्हा. खुर्च्या थांबलेल्या, वारा बंद. तेव्हा तोंडं जरा माणसांसारखी दिसतात. असो.

बुधवार, १३ मार्च



सकाळपाळीची मुलगी आजारी, म्हणून मी गेले. दारावर प्रत्येकाला विचारावं लागतं — हृदयविकार? गरोदर? पाठीचा, कंबरेचा त्रास? कुणी हो म्हटलं की आत सोडत नाही. दारावरचा वॉकीटॉकी माझ्याकडे सतत चालू असतो. त्यातून आवाज आला —

‘छे हो! ठणठणीत!’

दादा!

प्रेक्षकांवर रोखलेल्या कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं. मधल्या रांगेत मित्रांबरोबर बसलेला. खुर्चीनं मागे फेकलं, हा खिदळतोय. डावीकडे आपटलं, हात वर करून ओरडतोय. पॉपकॉर्नचा डबा पडला, तर वाकून सीटखालून काढला — असा वाकला जणू हाडंच नाहीत! अस्सा शेक घेतो होय!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्या रांगेचा जोर ‘मध्यम’वर होता, मी थेट ‘जोरात’ केला. करू नये, पण केला. म्हटलं, मोडू दे आता कंबर खरोखरची! तर मेला उठून ‘वन्स मोअर’ ओरडला. अख्खी रांग खूश. खेळ संपल्यावर त्यांनी काचेकडे बघून टाळ्या वाजवल्या!

संध्याकाळी घरी येतेय तर हा पाठीला उशी लावून बसलेला. ‘आज जरा ठणकतेय गं.’

बोलले असते तर हात उचलला असता.

शुक्रवार, १५ मार्च

वहिनी कामावर गेल्यावर दादाला गाठलं. म्हटलं, कॅप्टन मेला तेव्हा रडलास की नाही रे? चेहरा पांढराफटक! मग मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वर्षभर माझ्या पाठीवर माणूस, आणि तू उड्या मारतोस! सोंगाड्या! लाज नाही वाटली?

मला वाटलं भांडेल. नाही भांडला. मान खाली घालून एवढंच म्हणाला — ‘मला काय बोलायचं ते बोल. पण एकदा बाबांना विचार.’

बाबांना कशाला? आजारी माणसाच्या पदराआड लपतोय!

शनिवार, १६ मार्च

विचारलं. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘मीच म्हटलं होतं त्याला, कंबर धरली म्हणून सांग. नाहीतर तू गेली असतीस.’

टायला फोन करून होकार कळवला. दादाला हाक मारली आणि बाबांना उचलताना काखेत हात कुठून घालायचा ते दाखवलं.