चित्र अडकलेलं नाही

दि. ११ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. तू, वहिनी आणि दोन्ही पिल्लं मजेत असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. हे वाचून तू नाक मुरडशील, म्हणून पुन्हा लिहिते, मी ठीक आहे.

अक्षर एवढं मोठं बघून दचकू नकोस. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं होतं, म्हणून पहिलीतल्या पोरांसारखं दोन-दोन ओळी धरून लिहायचं असं मला शिकवलंय. थोडं रागानंही मोठं झालंय. ते पुढे येईलच.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

इकडे एसटी स्टँडच्या छपराला नवीन पत्रे घातले. आजारानं आवाज बारीक झाल्यापासून मी रजेवर, म्हणून स्टँडवरच्या माझ्या घोषणेच्या खोलीत यंत्र बसवलंय. ते गोड आवाजात गाडी पाच नंबरच्या फलाटावर लागल्याचं सांगतं. आपल्याकडे फलाट तीनच. परवा एक आजोबा पाचवा फलाट शोधत पार गॅरेजपर्यंत गेले आणि त्यांची गाडी चुकली. कंट्रोलर म्हणतो, बाई, तुम्ही लवकर परत या. आवाज परत आणा आणि या.

आवाज आणतेच आहे. पडद्यावरचा डॉक्टर म्हणजे पोरखेळ, काचेतून काय कळणार, असं तू म्हणाला होतास. मागे तुमच्या शहरात दाखवायला आले तेव्हा दिवसभराच्या घाटाच्या रस्त्यानं माझा पार चोथा झाला होता, आणि डॉक्टरांनी मला बघितलं ते चहा पिऊन होईल एवढा वेळ. आता मी चालत आरोग्य केंद्रात जाते. सिस्टर मला लसीकरणाच्या खोलीत बसवते आणि पडदा माझ्याकडे वळवते. डॉक्टरीणबाई बोटं उघडमीट करायला लावतात, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगतात, दारापर्यंत चालवून परत आणतात. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि उंबऱ्याशी खिळणारा माझा पाय आता उंबरा ओलांडतो.

शिवाय आवाजाच्या बाई आहेत, त्याही पडद्यावरच. श्वास पुरेल तोवर ‘आ’ म्हणायला लावतात आणि वर म्हणतात, अजून मोठ्यानं. ढब्बू, आपल्या घरात जन्मभर मला एकच ऐकवलं, हळू बोल. तुझ्या साखरपुड्यात तर तू मला मागच्या रांगेत बसवलंस, सासरची माणसं दचकतील म्हणून. आता तोच मोठा आवाज माझं औषध झालाय. रोज सकाळी गॅरेजच्या मागे उभी राहून ओरडते. ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून उत्तर देतात.

बरं, किती वेळ इकडचं तिकडचं लिहू.

मागच्या तपासणीला तूही तुझ्या ऑफिसातून पडद्यावर आला होतास. सिस्टर एका बाळाला टोचायला बाहेर गेली होती. तू विचारलंस, ताई, ऐकू येतंय का? मी हो म्हणाले. ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि डॉक्टरीणबाईंना म्हणालास, “तिचं चित्र अडकलंय. बरंच झालं, तिच्यासमोर बोलता येत नव्हतं.”

मग बोललास. ताईत आता काही राम राहिला नाही म्हणालास. घराला गिऱ्हाईक बघितलंय, ती एकटी राहू शकत नाही एवढं तुम्ही लिहून द्या, शनिवारी येऊन तिला घेऊन जातो म्हणालास. डॉक्टरीणबाई तुला थांबवत होत्या. तू त्यांनाही वाक्य पुरं करू दिलं नाहीस. साहेबांनी बोलावलं म्हणून निघून गेलास.

चित्र अडकलं नव्हतं. तो माझा चेहरा होता.

या आजारात चेहरा आखडतो. राग आला तरी भुवई हलत नाही. त्या दिवशी मला फार राग आला आणि फार रडू आलं, आणि दोन्ही आतल्या आत राहिलं. लहानपणी माझ्या नुसत्या डोळ्यांवरून तुला कळायचं की आता फटका बसणार. त्या तुला माझ्यात आणि बंद पडलेल्या पडद्यात फरक कळला नाही, याचं दुःख घराच्या गिऱ्हाइकापेक्षा मोठं आहे.

तू गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही सगळं ऐकलंत. आता तुम्हाला काय म्हणायचंय? मोठ्यानं म्हणा.”

“मी कुठेही जाणार नाही.”

बाहेरचं बाळ दचकून रडायला लागलं. सिस्टर धावत आली. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, हे मला स्वच्छ ऐकू आलं, तुमच्या भावाला काहीही लिहून देणार नाही.

तेव्हा गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. उद्या पडले, हात आणखी थरथरला, तर तेही मी माझ्या तोंडानं सांगेन, आणि मदत लागली तर तुझ्याकडेच मागेन. पण विचारायचं मला. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबायचं.

शनिवारी मात्र ये. मी शुक्रवारीच कामावर हजर होतेय. तुझी गाडी दोन नंबरच्या फलाटाला लागेल, ते मीच सांगेन, आणि ते तुला गाडीच्या काचा बंद असल्या तरी ऐकू येईल. जेवून घे, राहा. परतीच्या गाडीची घोषणाही मीच करीन. तिकीट एकच काढ.

चेहरा हलला नाही तरी सगळं ऐकणारी,
तुझी ताई